अहमदभाईंची जागा

दाभोळ,
१२ ऑगस्ट २०२४

नमू बाय,

सलाम. पत्र बघून दचकू नकोस, आम्ही सगळे खुशाल आहोत. पत्र अशासाठी की आमच्याकडचा फोन नुसता नावाला माझा. आमची पोरगी आयात दहावीला आहे, ती अभ्यास म्हणून नेते. सासू त्यावरनं चिपळूणच्या बहिणीशी जी लागते ती सुटतच नाही. आणि आयातचे अब्बा बोटीवर रेंज मिळाली की कधीही तोंड दाखवतात. त्यात मनातलं काही लिहायचं म्हणजे भर बाजारात बसून वेणी घालायची.

आधी तुझं. अगो, चाळिशीला टेकलेली बाई परत कॉलेजात जाते काय, पुण्याच्या हॉस्टेलात राहते काय, आणि पहिल्या वर्षाला पास होते काय! दाभोळच्या हायस्कुलात तू माझ्या शेजारी बसून वहीच्या मागच्या पानावर घरं काढायचीस, तेव्हा बाई तुला ओरडायच्या. आता त्या घरांचीच डिग्री. इतकी वर्षं रत्नागिरीत दुसऱ्याच्या ऑफिसात बसून दुसऱ्याची ड्रॉइंगं पुरी करत होतीस ना, मला ते कधी पटलं नव्हतं. मी तर मासे घ्यायला गेले तरी सांगते, माझी मैत्रीण आतल्या आर्किटेक्चरचं शिकते म्हणून. आणि बायको शिकायला गेली म्हणून दीपकभाऊ घरी स्वतः जेवण करून खातात हे ऐकून माझ्या सासूने कानाला हात लावले.

आता माझं. आयातचे अब्बा एप्रिलात कायमचे घरी येतायत. बोट सोडली म्हणतात. पण नमू, मला भरवसा नाही. दर सुट्टीत माणूस हौसेने येतो आणि पंधरवडा झाला की पिंजऱ्यातल्यासारखा येरझाऱ्या घालायला लागतो. मागच्या खेपेला तर म्हणाले, "इथे मला काय काम आहे?" एजंटचा एक फोन आला की परत बॅग भरतील. या वेळी मला ते होऊ द्यायचं नाही.

त्यांनी तिकडनं फोटो पाठवलेत, हॉल असा करा, छत असं करा, त्यात दिवे असे. हे काम मी दुसऱ्या कुणाला देणार नाही. तू करून दे. असा हॉल कर की माणूस उठताच कामा नये.

तुझी,
कुलसुम

पुणे,
३ सप्टेंबर २०२४

कुलसुम,

तुझं पत्र हॉस्टेलच्या पोरींनी हातोहात बघितलं. "ताई, खरं पोस्टाचं पत्र?" जणू मी डायनासोर पाळलाय. सगळ्या मला ताई म्हणतात, आणि परीक्षा जवळ आली की माझ्याच खोलीत झोपायला येतात.

इथे काय शिकवतात ते तुला सांगायचंच होतं. मला वाटलं होतं, इंटिरिअर म्हणजे पडदे, सोफे, रंग. पहिल्याच आठवड्यात आम्हाला एका खानावळीत बसवलं आणि म्हणाले, चित्र काढू नका, बघा. माणूस आत आल्यावर कुठे थबकतो, पिशवी कुठे ठेवतो, भिंतीला पाठ लावून का बसतो. इतकी वर्षं मी भिंती काढल्या गं, पण त्यांच्यामध्ये माणूस असतो हे मला आत्ता कळतंय. रोज वाटतं, आपण किती उशिरा आलो. आणि रोज वाटतं, आलो ते बरं झालं.

तुझा हॉल मी गुरुप्रसाद सरांना सांगितला. सर माझ्यापेक्षा लहान आहेत, पण विचारतात असं की घाम फुटतो. म्हणाले, "पाहुणे नसताना त्या हॉलमध्ये कोण बसतं?" मी म्हटलं, "कुणीच नाही, सोफ्यावर अजून दुकानातलं प्लॅस्टिक आहे." वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "मग वर्षभराचा प्रकल्प हाच घ्या. परत आलेल्या माणसाचं घर."

तर बाई, तुमचं घर आता माझी परीक्षा आहे. दिवाळीच्या सुट्टीत मोजमापाला येते. माझ्यासाठी घावणे करून ठेव, मापं फुकट घेत नाही मी.

नम्रता

दाभोळ,
१८ नोव्हेंबर २०२४

नमू,

तू गेल्यावर घर सुनं झालं. तू टेप लावून भिंती मोजत होतीस, आयात वहीत लिहून घेत होती, आणि माझी सासू सगळ्या मोहल्ल्याला सांगत होती की सरकारी सर्व्हे चाललाय.

एक सांगू? मला वाटलं होतं, तू आलीस की आधी छत बघशील. तू तर मागीलदारी आमच्यात बसून सुकट निवडलीस आणि गप्प राहून बघत राहिलीस. पुढे सासऱ्यांचे दोस्त बसले होते, आयात चहाचा ट्रे घेऊन पाच वेळा मधल्या दारातनं गेली, तेसुद्धा तू बघितलंस. मी म्हटलं, ही शाळेतली नमू नाही, ही डॉक्टर नाडी बघतो तशी घर बघते. खरंच गो, कौतुक वाटलं.

काय काढतेस ते लवकर पाठव. एप्रिल काही लांब नाही.

कुलसुम

पुणे,
९ डिसेंबर २०२४

कुलसुम,

सोबत ड्रॉइंग आहे. नीट उलगड, घडीवर फाटतं. मोठ्या कागदावर मुद्दाम हाताने काढलंय.

तुमच्याकडे मला काय दिसलं ते सांगते. पुढे मोठा, थंड, रिकामा हॉल. मध्ये जाड भिंत. आणि मागे स्वयंपाकघर आणि मागची पडवी, जिथे अख्खं घर राहतं. तू, सासूबाई, आयात, मासे घेऊन येणारी हौसा, सगळ्या तिथे दाटीवाटीने. अहमदभाई सुट्टीवर आले की पुढच्या सोफ्यावर पाहुण्यासारखे बसतात आणि तुम्ही सगळ्या भिंतीमागे कोंडलेल्या. मग ते येरझाऱ्या घालतील नाही तर काय करतील?

म्हणून मधली भिंतच काढायची. तिथे सरकती लाकडी दारं, पूर्ण उघडणारी. हॉल आणि मागचं घर एक. अहमदभाई सोफ्यावर बसले की समोर तुम्ही. मागच्या वाडीतल्या झाडांमधला उजेड थेट पुढच्या दारापर्यंत.

कुलसुम, हे काढताना मला इतका आनंद झाला की मी जेवायला विसरले. बघ आणि खरं सांग.

नम्रता

दाभोळ,
२२ डिसेंबर २०२४

नमू,

ड्रॉइंग पोचलं. माशाल्ला! काय हात आहे तुझा. पडवीच्या कौलांची सावलीसुद्धा काढलीस. आयातने ते कपाटावर चिकटवलंय. फार सुंदर. सगळ्यांना फार आवडलं. तुला योग्य वाटेल तसं कर. तू शिकलेली आहेस.

थंडी कशी आहे? स्वेटर घाल.

कुलसुम

पुणे,
११ जानेवारी २०२५

कुलसुम,

काल मधली तपासणी झाली. माझं ड्रॉइंग लावल्यावर मागच्या पोरीसुद्धा उठून पुढे आल्या. गुरुप्रसाद सर म्हणाले, "यात धाडस आहे." ताईसाठी पोरींनी बटाटेवडे मागवले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले थोडी, तुला म्हणून सांगते.

आता पुढचं. सुजय मिस्त्री आमच्या ऑफिसची कामं करायचा, दापोलीचा, भरवशाचा माणूस. तो या आठवड्यात येऊन भिंतीवर खुणा करेल आणि मग पाडायला घेईल. अहमदभाई यायच्या आत दारं बसलेली हवीत. मग मला त्यांचे फोटो पाठव, शेवटच्या परीक्षेत लावीन.

नम्रता

दाभोळ,
२० जानेवारी २०२५

नमू,

सुजय मिस्त्री काल आला. खडूने भिंतीवर रेघ मारली. मी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. ती भिंत पाडायची नाही.

मी तुला खोटं लिहिलं होतं. ड्रॉइंग सुंदर आहे हे खरं, पण मला ते बघूनच घाबरायला झालं होतं. तू इतक्या आनंदात होतीस, जेवायला विसरलीस म्हणालीस. शिवाय वाटलं, एवढी शिकलेली बाई सांगते तर चुकत असेन मीच. आता सांगते, कारण उद्या भिंत पडली की सांगून उपयोग नाही.

तुला वाटलं आम्ही भिंतीमागे कोंडलेल्या. अगो, तिथेच तर आम्ही मोकळ्या असतो! पुढे चार पुरुष बसलेत आणि मध्ये जाड भिंत आहे, म्हणून मी ओढणी खांद्यावर टाकून, पाय पसरून बसते. हौसा नवऱ्याच्या नकला करते आणि माझी सासू हसून हसून खोकते. तू ती दारं लावलीस तर आम्ही सगळ्या हळू बोलायला लागू, पदर सावरत बसू. तुझी दारं उघडी राहतील, आम्ही बंद होऊ. तुमच्या घरी हे वेगळं असेल. आमच्याकडे असं आहे.

आणि आयातच्या अब्बांना हॉल आवडेल की नाही, तेसुद्धा आता मला कळेनासं झालंय. मागच्या सुट्टीत हॉलमध्ये पाहुण्यांबरोबर ताट पुढ्यात, पाण्याचा तांब्या भरून शेजारी. तरी माणूस जेवता जेवता ग्लास घेऊन आत येणार, "पाणी दे." एका जेवणात दोन-तीनदा. पाहुणे काय म्हणतील, घरात धड वाढणारं कोणी नाही? मी आयातला ओरडले, तांब्या मोठा ठेव म्हणून. मोठा ठेवला तरी आलेच. दारात उभे राहायचे, आम्ही गप्प व्हायचो, ते ग्लास भरून जायचे. अशा माणसाला कसला हॉल करायचा, तूच सांग.

रागावलीस तर रागाव. पण तुझी परीक्षा माझ्यामुळे बुडाली तर मी स्वतःला माफ नाही करणार.

कुलसुम

पुणे,
९ मार्च २०२५

कुलसुम,

इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण मी रागावले होते. खूप. सगळा वर्ग ज्याचं कौतुक करत होता ते तू एका पत्रात पाडलंस, आणि तेही माझी भिंत न पाडता! सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मग तुम्ही सुकट निवडताना काय बघत होतात?" त्या दिवशी मला हा सगळा उद्योग सोडून रत्नागिरीला परतावंसं वाटलं. दीपकला फोन केला. तो म्हणाला, "ये, पण आधी ती चूक काय होती ते कळू दे, नाहीतर इथे येऊन माझं डोकं खाशील."

मग तुझं पत्र पुन्हा काढलं. तुझं सगळं खरं आहे. तुम्ही हसताना मी तिथेच होते, आणि मला तुमचं हसणं दिसलं नाही, दाटी दिसली. मला वाईट याचं वाटतं.

पण तुझ्या पत्रात मी पाण्यापाशी अडकले. कुलसुम, अहमदभाईंना तहान लागलेली नव्हती गं. शेजारी भरलेला तांब्या सोडून कोण उठेल? त्यांना आत यायचं होतं. आत यायला त्यांच्याकडे पाण्याशिवाय निमित्तच नव्हतं. आणि ते आले की तुम्ही गप्प व्हायचात, मग बिचारे ग्लास भरून परत फिरायचे. तू वाईट वाटून घेऊ नकोस. तू रोज बघत होतीस म्हणून तुला दिसलं नाही, आणि मी तर तिथे नव्हतेच, तुझ्या पत्रामुळे मला दिसलं.

मी भिंत सरकवत बसले होते. भिंत राहू दे. हॉल पाहुण्यांचा आहे, तो पाहुण्यांनाच राहू दे, छतात दिवे लावायचे तर लाव. मी अहमदभाईंना मागे एक जागा काढलीय. मागच्या पडवीत, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, चिऱ्याचा बाक, वर फणसाची फळी. तुमच्याकडे तोंड करून नाही, वाडीकडे तोंड करून. म्हणजे तुमच्यावर नजर नाही आणि बोलणं सगळं कानावर. समोर हाताच्या उंचीला एक छोटा ओटा, शेजारी नळ. आणि त्यांना तुमच्यामधून जायला लागू नये म्हणून वाडीच्या बाजूने वेगळं छोटं दार. ओट्यामुळे हाताला काम राहील. रिकामा पुरुष बायकांत बसला की बघ्या वाटतो, काही कापत-सोलत बसला की घरचा वाटतो.

आता माझ्या प्रकल्पात एवढंच आहे. एक बाक. मोठ्या कागदांच्या जागी एक छोटा कागद. या वेळी नुसतं सुंदर म्हणू नकोस. भांड माझ्याशी, पण खरं सांग.

नम्रता

दाभोळ,
१९ एप्रिल २०२५

नमू,

तुझ्या त्या पाण्याच्या ओळी वाचल्या आणि मी चुलीसमोर बसून रडले. इतकी वर्षं संसार केला, आणि मी पोरीला तांब्या मोठा ठेव म्हणून ओरडत होते! तू पुण्यात बसून ते ओळखलंस. यालाच शिक्षण म्हणत असतील तर ते सगळ्यांना मिळो. बाक मला पटला. सासू म्हणाली, "मर्द माणूस मागीलदारी बसला तर लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, लोक हॉलमध्ये बसतील, तिथून त्यांना दिसणार नाही.

सुजयने बाक छान बांधला. पण बातमी चांगली नाही. आयातचे अब्बा ईदनंतर पोचले. आल्यापासून हॉल भरलेला, खजूर, अत्तरं, गप्पा. बाक बघितला, हात फिरवला, "चांगला आहे" म्हणाले आणि पुढे गेले. आता त्यावर सासूने आमसुलं वाळत घातलीत. पाहुणे कमी झाले तसे येरझाऱ्या सुरू. परवा एजंटचा फोन आला, नवी बोट आहे, मेअखेर कळवा म्हणाला. हे म्हणाले, "बघतो." मला तो शब्द माहीत आहे.

मी काही बोललेले नाही. या बसा म्हटलं तर पुन्हा पाहुणेच झाले ना?

कुलसुम

पुणे,
१० मे २०२५

कुलसुम,

काल शेवटची परीक्षा झाली. बाकीच्यांची हॉटेलं, संग्रहालयं, आणि मध्ये माझा बाक. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी चष्मा खाली करून विचारलं, "वर्षभरात एवढंच?" मी म्हटलं, "हो. त्याआधी एक मोठी चूक केली, ती शेजारी लावलीय." आणि खरंच लावली होती. पाडायच्या भिंतीचं ड्रॉइंग, आणि त्याखाली तू मला काय सांगितलंस ते. तुझं नाव घातलं नाही.

बाईंनी वाकून ते सगळं वाचलं. मग म्हणाल्या, "तो माणूस तिथे बसला का?" मी खरं ते सांगितलं, अजून नाही. त्या म्हणाल्या, "मग गुण आम्ही देऊ, पण निकाल तुम्हाला तिकडनंच कळेल."

पास झाले. पहिली वगैरे नाही आले. गुरुप्रसाद सर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, इथून पुढे मी माणसांकडे बघताना तुमची आठवण काढीन." सरांनी मला पहिल्यांदा ताई म्हटलं. मला आता डिग्री मिळेल, पण तुझ्या पत्राची वाट बघतेय. जे असेल ते लिही. गेले तर गेले म्हणून लिही.

नम्रता

दाभोळ,
२८ मे २०२५

नमू,

आधी डिग्रीबद्दल तुझं तोंड गोड. आता ऐक.

गेल्या आठवड्यात वाडीतले फणस एकदम पिकले. सासरे मुंबईला, आमच्यात कुणाला तो मोठा फणस उचलवेना. मी काही बोलले नाही हां. सासूच खिडकीतनं ओरडली, "अहमद, काय फिरतोयस नुसता? ये हिकडे, हा फोड!" तिनेच आमसुलं बाजूला केली. हे वाडीच्या दाराने आले, हाताला तेल चोळलं आणि बाकावर बसले. पाठ आमच्याकडे.

पहिल्यांदा आम्ही गप्पच. मग हौसा मासे घेऊन आली, तिला कसलं बंधन! तिने रोजच्यासारखी नवऱ्याची नक्कल सुरू केली. सासू खोकायला लागली. आणि नमू, बाकावरनं हसण्याचा आवाज आला. पाठमोरे बसून खांदे हलत होते. मग तिकडनंच बोटीवरच्या स्वयंपाक्याची गोष्ट सांगायला लागले, तो म्हणे रोज वरणात साखर घालायचा. एवढं हे कधी माझ्याशी फोनवर बोलले नाहीत. मी ओढणी सावरली नाही, पाय आवरले नाहीत. माझ्या लक्षातच आलं नाही.

तेव्हापासून रोज. फणस संपले तर मासे साफ करायला घेतात, काहीच नसलं तर आयातचं पुस्तक धरून बसतात. तुझ्या परीक्षक बाईंना कळव. आणि तू स्वतःला कळव, कारण तुला अजून वाटत असेल की एक बाकच तर काढला.

काल एजंटचा फोन आला. आयात हॉलमधनं फोन घेऊन धावत आली, "अब्बा, बोटीवाले. काय सांगू?" ह्यांचे दोन्ही हात चिकाने माखलेले. मान वर न करता म्हणाले, "सांग, नाही येत. आणि ती तेलाची वाटी दे इकडे."

तुझी,
कुलसुम